तयार भागीदारीपत्राचा मसुदा: वाटणी नीट, गुपितं वाऱ्यावर

कोर्टाजवळच्या टायपिंग सेंटरवर मिळणारा भागीदारीपत्राचा छापील मसुदा अनेक नव्या धंद्यांचा पाया असतो. भांडवल, नफ्याचं प्रमाण, बँक खात्यावर सह्या कुणाच्या, हे सगळं त्यात स्वच्छ असतं. एका भागीदाराच्या मृत्यूनंतरही फर्म चालू राहील ही अट असते, तीही चांगली. ती नसेल तर दोघांची काय, चौघांची फर्मही कायद्याने विसर्जित होते.

घोळ होतो तो गोपनीयतेच्या ओळीत. ‘भागीदारांनी व्यवसायाची गुपिते राखावीत’, एवढंच. समजा धंदा मसाल्याचा आहे, तर मसाल्यातल्या घटकांचं प्रमाण, ग्राहकांची यादी, पुरवठादारांचे दर नेमके कुणाचे, यावर अवाक्षर नाही. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे करार गप्प असला की सगळा भार १९३२ च्या भागीदारी कायद्यावर येतो. कलम १२ नुसार प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा हक्क आहे, म्हणजे ‘मी माहिती दाखवणार नाही’ हे चालत नाही. पण कलम १५ म्हणतं की फर्मची मालमत्ता फर्मच्याच कामासाठी वापरायची, आणि कलम १६ नुसार तिच्यातून खासगी नफा काढला तर तो फर्मला द्यावा लागतो. पेटंटचं उलट आहे: तिथे वेगळा करार नसेल तर सहमालक हिशेब न देता स्वतःसाठी वापर करू शकतो. दोन्हींची गल्लत फार होते.

घरून आणलेली पाककृती फर्मची झाली की फक्त वापरायला दिली? हे मसुद्यात हातानेच लिहून घ्यावं लागतं. मात्र पाककृती करारातच उतरवू नका. कराराची प्रत बँकेत, जीएसटीसाठी आणि फर्मची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे जाते, आणि निबंधकाकडे दाखल झालेली निवेदनं कलम ६६ नुसार कुणीही शुल्क भरून पाहू शकतो. करारात फक्त ‘दिनांक अमुकचं सीलबंद पाकीट, जोडपत्र क्र. १’ असा उल्लेख करा, पाकिटाच्या जोडावर सर्वांच्या सह्या घ्या आणि ते लॉकरमध्ये ठेवा.

‘निवृत्त भागीदार कधीही हा धंदा करणार नाही’ ही छापील अट दिसायला कडक, पण कोर्टात लंगडी. कलम ३६ निवृत्ताला स्पर्धा करू देतं. फर्मचं नाव वापरायला आणि जुन्या गिऱ्हाइकांना ओढायला मनाई आहे. बंदी टिकवायची तर मुदत किंवा परिसर नमूद हवा, तोही वाजवी. उदाहरणार्थ ‘दोन वर्षं, सांगली जिल्हा’. विसर्जनाचा भाग सगळ्यात कच्चा. कलम ५३ फर्मची मालमत्ता परस्पर वापरण्यापासून रोखतं, पण व्यवहार मिटेपर्यंतच. पुढे मसाल्याचं प्रमाण एकाने मूल्यांकनाने विकत घ्यायचं, की दोघांनी वापरायचं पण तिसऱ्याला दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय द्यायचं नाही, ते आत्ताच लिहा. भांडण लागल्यावर कुणी लिहून देत नाही.

फर्मच्या नोंदणीबद्दल मसुदा काहीच सांगत नाही, हा त्याचा सर्वांत महाग दोष. नोंदणी नसेल तर कलम ६९ मुळे करारातल्या हक्कांसाठी भागीदारावर दावाच लावता येत नाही. विसर्जन आणि हिशेब मागता येतात. महाराष्ट्राने तेही अडवणारं पोटकलम ६९(२अ) कायद्याला जोडलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. पण हिशेब मागून माजी भागीदाराच्या कारखान्यात शिजणारा तुमचा मसाला थांबत नाही.