वाड्याचे सागवान आणि रेझिन: एक उन्हाळा व एक पावसाळा वापरल्यानंतर

पुण्यातील जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या कडीपाटातील सागवान वखारीत येते आणि अलीकडे त्यातील काही भाग इपॉक्सी रेझिनच्या (द्रवरूपात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेच्या) जोडीने संग्राह्य वस्तूंसाठी वापरला जातो. अशा दोन वस्तू मी उन्हाळ्यापूर्वी दोन वेगवेगळ्या कारागिरांकडून घेतल्या. एक म्हणजे मधोमध निळ्या रेझिनचा रुंद पट्टा असलेला टीपॉय. दुसरा तुळईच्या तुकड्यांचा बुटका चौरंग असून त्यात रेझिन केवळ खिळ्यांच्या भोकांत आणि एका जुन्या खाचेत भरलेले आहे. दोन्हींवर कारागिराची सही व अनुक्रमांक आहे, आणि दोन्ही रोज वापरात आहेत.

सागवानाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. खिळ्यांभोवतीचे काळे ओघळ म्हणजे लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगातून खोलवर मुरलेले डाग होत, आणि चौरंगाच्या कारागिराने ते तासून न काढता तसेच ठेवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

टीपॉयचा अनुभव मात्र संमिश्र आहे. ओतकामाचे बरेचसे रेझिन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि नुकताच ओतलेला चहा त्याहून बराच गरम असतो. त्यामुळे निळ्या पट्ट्यावर कपांच्या गोल खुणा उमटल्या आहेत, तर शेजारच्या तेल दिलेल्या लाकडावर त्यांचा मागमूसही नाही. पश्चिमेच्या खिडकीकडील टोकाला रेझिन उन्हातील अतिनील किरणांनी पिवळसर झाले, आणि निळ्यात पिवळे मिसळल्याने तो भाग आता हिरवट दिसतो. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल शोषून आडव्या दिशेने फुगले, रेझिन तसे फुगत नाही, आणि दोहोंच्या सांध्यावरून नख फिरवले की पूर्वी नसलेली कड आता जाणवते. अमेरिकेतील फर्निचर कारागीर ग्रेग क्लासन यांनी नदीच्या आकाराची जी मेजे प्रसिद्ध केली, त्यांत निळी काच होती. काच उष्णतेला आणि ओरखड्यांना दाद देत नाही, म्हणून तो आकार रेझिनमध्ये उतरवताना रूप आले तरी टिकाऊपणा तेवढा आला नाही, असे माझे मत झाले आहे.

चौरंगावर यांपैकी काहीही घडलेले नाही. तेथे रेझिन सुपारीएवढ्या जागांत असल्याने लाकडाच्या हालचालीचा ताण फारसा पडत नाही, आणि जेथे लाकूड खरोखरच गमावले होते तेथेच ते भरलेले असल्यामुळे नजरेलाही ते योग्य वाटते. रेझिन भरपूर असलेल्या वस्तू महाग विकल्या जातात. माझ्या लेखी मोल नेमके उलटे आहे.

खरेदीपूर्वी लाकडातील ओलावा मोजला होता का, सागाचे नैसर्गिक तेल ओतकामाआधी अॅसिटोन या द्रावकाने पुसले होते का (न पुसल्यास पकड कमकुवत राहते), आणि रेझिनमध्ये अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे द्रव्य होते का, हे अवश्य विचारावे. एकदा घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा वितळवता येत नाही. टीपॉयच्या फळ्या त्यापासून सुट्या करायच्या तर कापाव्याच लागतील, चौरंगाचे लाकूड मात्र पुढच्या सुताराला पुन्हा वापरता येईल.