आमरस वर्षभर टिकवायचा तर: फ्रीझर, बाटली की साठं?

वैशाखाच्या अखेरीस आढीतला आंबा एकदम पिकू लागतो आणि खाऊन, वाटून उरलेल्या फळांचे काय करायचे हे दोन-तीन दिवसांत ठरवावे लागते. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी गेल्या बारा-तेरा वर्षांत रस गोठवून पाहिला, बाटल्यांत भरून पाहिला आणि साठं, म्हणजे आंबापोळी, तर आजीच्या काळापासून घातले जात आहे. फ्रीझर घ्यावा की बाटल्या आणि बुचांचे यंत्र, अशा विचारात असलेल्यांना आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

साठं या स्पर्धेत खरे तर नाहीच. तूप लावलेल्या ताटात रसाचा पातळ थर द्यावा, तो वाळला की वर दुसरा द्यावा आणि तीन-चार दिवसांच्या कडक उन्हात पोळी सुटू द्यावी. पाणी निघून गेल्यामुळे ती व्यवस्थित गुंडाळून ठेवल्यास वर्षभर टिकते. मात्र तिचा पुन्हा आमरस होत नाही आणि वळवाची एक सर आली तरी सगळे मुसळ केरात जाते. रायवळ आंबे खूप असतील, तर थोडे साठं अवश्य घालावे. पुरीबरोबर वाटीभर रस हवा असेल, तर निवड उरलेल्या दोन पद्धतींतच करावी लागते.

चवीच्या बाबतीत फ्रीझर निःसंशय वरचढ आहे. रसाला आच लागत नाही, त्यामुळे हापूसचा वास जवळपास तसाच राहतो. अर्धा लिटर रस पिशवीत भरून, हवा काढून, पिशवी आडवी पसरून ठेवली तर तो लवकर गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात आणि नंतर पाणी फारसे वेगळे होत नाही. श्रमही जवळजवळ नाहीत. आम्ही सहा वर्षे याच पद्धतीवर समाधानी होतो, किंवा आहोत असे समजत होतो.

ती सोडण्यास भाग पाडणारी गोष्ट म्हणजे रस मधल्या काळात वितळला होता की नाही, हे पिशवीकडे पाहून कधीच कळत नाही. उणे १८ अंशांवर जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. रस वितळला की ते पुन्हा कामाला लागतात आणि वीज आली की तोच रस दगडासारखा घट्ट होऊन निर्दोष दिसू लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की कधी एक रात्र, कधी दीड दिवस वीज नसते. भरलेल्या फ्रीझरचे दार उघडले नाही, तर साधारण दोन दिवस भीती नसते हे खरे; परंतु श्रावणापर्यंत तो अर्धा रिकामा झालेला असतो आणि तेवढा वेळ तग धरत नाही. एका श्रावणात पाहुण्यांसमोर वाढलेला रस किंचित आंबूस आणि जिभेला चुरचुरणारा निघाला, तेव्हा माझ्या आईला झालेला संकोच मी विसरू शकलो नाही. त्यानंतर वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवण्याची युक्ती सुरू केली. नाणे बर्फात बुडालेले दिसले, तर मधे वितळले होते असे समजावे. युक्ती उत्तम आहे, पण ती नुकसान झाल्यावरच ते सांगते. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, आमच्या वाडीत वीज यायला तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला आणि त्या हंगामाचा सगळा रस माडांच्या आळ्यात ओतावा लागला.

बाटलीची पद्धत कष्टाची आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. मे महिन्याच्या उकाड्यात परसातल्या चुलीपुढे दिवसभर उभे राहावे लागते. रस सतत ढवळत चांगला कढत करावा, उकळून घेतलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरावा, यंत्राने पत्र्याचे बूच दाबून बसवावे आणि तळाशी फडके घातलेल्या पातेल्यात बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. नंतर त्या पातेल्यातच निवू द्याव्यात, कारण गरम काच थंड फरशीवर ठेवली की तडकते. हे सर्व करूनही रसाला थोडा शिजल्याचा वास येतो आणि रंग किंचित गडद होतो. हापूसमध्ये हा फरक जाणवतो. पायरीच्या रसात, निदान आमच्या घरच्यांना, फारसा जाणवत नाही.

एका बाबतीत मात्र हयगय नको. उकळत्या पाण्याची ही पद्धत आंबट पदार्थांसाठीच सुरक्षित आहे, म्हणजे ज्यांचा सामू (पीएच) ४.६ पेक्षा कमी आहे अशांसाठी. आंबा सहसा त्यात बसतो, पण फार पिकलेल्या गोड फळाची आम्लता घटते, म्हणून आम्ही किलोभर रसाला सुमारे ५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड न चुकता घालतो. सल्फाइटसारखे परिरक्षक घालणारेही पुष्कळ आहेत. दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही आणि आमच्या घरात तसा रुग्ण असल्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

बाटलीतला रस बिघडला, तर तो बहुधा लपत नाही: बूच फुगते, उघडताना वायू सुटतो, फेस येतो. अशी बाटली चव न घेता टाकून द्यावी. गेल्या वर्षीच्या चाळीस बाटल्यांतल्या दोन आम्ही अशाच टाकल्या. बाकीच्या कोठीच्या खोलीतल्या फळीवर विजेविना दिवाळीच्या पुढेपर्यंत टिकल्या.

ज्यांच्याकडे वीज क्वचितच जाते, अशा पुण्या-मुंबईच्या घरांना मी फ्रीझर सोडा असे म्हणणार नाही. त्यांनी गौरी-गणपतीपर्यंत संपेल एवढाच रस ठेवावा, असे मात्र सुचवेन. कोकणात राहणाऱ्यांनी माझ्या मते बाटल्यांचाच विचार करावा, आणि त्या अर्ध्या लिटरपेक्षा मोठ्या घेऊ नयेत, कारण एकदा उघडलेला रस फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांतच संपवावा लागतो. बुचांचे यंत्र वर्षातून चारच दिवस लागते, त्यामुळे आमच्या वाडीत तीन घरांनी मिळून ते घेतले आहे.