डिस्क बसवली तरी पेडल मऊच: परत हवा काढायची की मास्टर बदलायचा?

जुन्या पिकअपला पुढे ड्रम काढून डिस्क बसवली की पहिल्याच फेरीला बऱ्याच जणांचं तोंड उतरतं. जुनं पेडल निदान अर्ध्यावर धरायचं, हे तर पार फ्लोअरला टेकायला जातं. गॅरेजात मग दोनच सल्ले ऐकू येतात. एक, "परत ब्रेकच्या लाइनमधली हवा काढूया." दुसरा, "मास्टर (पेडलच्या दाबाने चाकांकडे ऑइल ढकलणारा सिलिंडर) गेला, नवीन घाला." पहिल्यात बाटलीभर ब्रेक ऑइल आणि अर्धा दिवस जातो, दुसऱ्यात खिसा. चवथीच्या आदल्या आठवड्यात, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान डिचोलीहून म्हापशाला पोचवायच्या घाईत, मी दुसरा सल्ला ऐकला. ती घोडचूक होती.

मऊ पेडल एका जातीचं नसतं. ते कोणत्या जातीचं आहे, हे गाडी उभी असतानाच कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (व्हॅक्युमने पायाला जोर देणाऱ्या डब्यातला) व्हॅक्युम संपेल. मग एकदाच दाबून पाय तसाच ठेवा.

पाय दाबलेला असताना पेडल सावकाश खाली सरकत गेलं, तर दोष मास्टरच्या आतल्या रबरी कपांचा किंवा कुठेतरी गळतीचा. चाकांच्या आत आणि पाइपांच्या जोडांवर ओल नसेल, तर मास्टरवर खर्च करायला हरकत नाही.

पेडल जागेवर थांबतं, पण पायाखाली रबरी चेंडू असल्यासारखं लवचिक लागतं, आणि भराभर पंप केलं की वर येतं. ही हवा. नवा मास्टर घातला तरी ती जिथे आहे तिथेच राहणार.

तिसरी जात लोक ओळखतच नाहीत. पेडल बरंच खाली जातं, पण तिथे पोचल्यावर दगडासारखं कडक होतं. ही ना हवा, ना मास्टर. मागचे ब्रेक शू ड्रमच्या भिंतीपासून लांब बसलेत, एवढंच. हँडब्रेक मागच्या ड्रमवरच असेल तर तो दोन-तीन खटके ओढून पेडल दाबा. ते वर आलं तर निदान पक्कं. ॲडजस्टर फिरवून चाक घासायला लागेपर्यंत शू टाइट करायचे, मग मोकळं फिरेल इतकं मागे घ्यायचं. पैसे शून्य. डिस्कच्या नादात मागे कोणी वळून बघत नाही, म्हणून माझ्या मते सुरुवात इथून करावी.

आणि इंजिन चालू केल्यावर पेडल बोटभर खाली गेलं, तर तो दोष नव्हे. बूस्टर काम करतोय.

आता हवा काढण्याबद्दल, कारण घोळ इथेच होतो. माझ्या गाडीची हवा गॅरेजात दोनदा काढली होती, म्हणून मेस्त्रीने मास्टरवर बोट ठेवलं. नवा बसवला, पेडल तसंच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी साखळी गावच्या एका म्हाताऱ्या फिटरने चाक काढलं, कॅलिपरकडे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाकडे) नुसतं पाहिलं आणि हसला. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. त्यामुळे हवा काढायचा निपल वर असायचा तो खाली आला होता. हवा नेहमी वर चढते. निपल तळाला असेल तर कितीही ऑइल ओता, वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा हलत नाही. कॅलिपर अदलाबदल करून परत हवा काढली, तिसऱ्या दाबाला पेडल उभं राहिलं.

दुसरी फसगत मागच्या बाजूला असते. ज्या पिकअपांना एलएसपीव्ही, म्हणजे मागच्या वजनानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे, त्यांचा मागचा एक्सल जॅकवर लोंबत असेल तर तो व्हॉल्व्ह ऑइल अडवून धरतो आणि मागची हवा नीट निघत नाही. चाकं जमिनीवर ठेवून हवा काढा. मास्टर नवा घातलाच, तर गाडीला लावण्याआधी टेबलावर शिकंज्यात धरून त्याची हवा काढा.

तरीही शंका राहिली तर चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या, म्हणजे होस, एकेक करून बोथट तोंडाच्या क्लॅम्पने दाबा. ज्या होसला दाबल्यावर पेडल कडक होतं, दोष त्या चाकाकडे. सगळ्या दाबूनही पेडल खाली सरकत असेल, तर मास्टर. ही परीक्षा मी आधी केली असती तर मास्टरचे पैसे वाचले असते.

पेडल मऊ म्हणून चांगला मास्टर बदलावा लागतो, असं एकच खरं कारण आहे: बोअर, म्हणजे आतला व्यास, लहान पडणं. समजा कॅलिपरचा पिस्टन 54 मिलिमीटरचा आहे. दोन्ही चाकांचे पिस्टन अर्धा मिलिमीटर सरकायला सुमारे 2.3 मिलिलिटर ऑइल लागतं. 22.2 मिलिमीटर बोअरच्या मास्टरला त्यासाठी जवळपास 6 मिलिमीटर चालावं लागतं, आणि पेडलचं प्रमाण 5:1 असेल तर पायाला 30 मिलिमीटर. त्याऐवजी 25.4 चा घातला तर चाल साधारण पावपट कमी होते, पण पाय तीस टक्के जास्त जोराने दाबावा लागतो. म्हणून बूस्टर नसेल तर मोठा बोअर घालू नका. शिवाय वाकडी डिस्क पॅड मागे ढकलत असेल, तर तेवढा फरक तिथेच खाल्ला जातो. आधी डिस्क तपासा.

जुन्या जीपांमध्ये मास्टर फ्लोअरखाली, कॅलिपरहून खाली असतो. तिथे ऑइल मागे परतू नये म्हणून लाइनमध्ये 2 पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) व्हॉल्व्ह लागतो. ड्रमचा जुना व्हॉल्व्ह 10 पीएसआयच्या आसपासचा असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला चिकटून तापतात. मास्टर अजून एकाच लाइनचा, म्हणजे चारही चाकांना एकच लाइन देणारा असेल, तर मऊ असो की नसो, दोन लाइनींचा घालाच. इथे मी पैशांचा विचार करत नाही.

पेडल सकाळी छान आणि चोर्ला घाट उतरताना मऊ? मग यापैकी काहीच नाही, ऑइल उकळतंय. डॉट 3 या प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 205 अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. आपल्या पावसाळ्यात उघडी बाटली महिनाभर ठेवून तेच ऑइल ओतणं म्हणजे पाणीच ओतणं. सीलबंद डॉट 4 घ्या, आणि जुनं सगळं काढून मगच भरा.

माझा काढलेला मास्टर शेडमध्ये आहे. परवा तो उघडून आतलं किट पाहिलं. कपांवर ओरखडासुद्धा नव्हता.