बाल्कनी नसलेलं शिडाचं जहाज: काही महिने राहिल्यानंतर

शिडाच्या छोट्या क्रूझ जहाजाची चौकशी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खोलीला बाल्कनी आहे का? नाही म्हटलं की बरेच जण तिथूनच माघारी फिरतात. मी आणि माझा नवरा गेला उन्हाळा सरता सरता भूमध्य समुद्रात अशा एका जहाजावर चढलो. शरदात त्याच जहाजाने अटलांटिक ओलांडला आणि हिवाळ्याचा मोठा भाग कॅरिबियन बेटांमध्ये काढला. मधूनमधून जमिनीवर मुक्काम झाले, खोल्याही बदलल्या. बाल्कनी मात्र एकाही खोलीला नव्हती. जहाजाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि आम्हाला सांभाळणाऱ्या खलाशांना त्यांची झळ लागावी अशी इच्छा नाही. चार डोलकाठ्या, दीडशेच्या आसपास प्रवासी आणि लिफ्ट नाही, एवढ्यावर भागवा.

मुळात या प्रकारात निवडीला फारसा वाव नाही. स्टार क्लिपर्स कंपनीची स्टार फ्लायर आणि स्टार क्लिपर ही १९९१-९२ ची जुळी जहाजं, त्यांच्यावर बाल्कनी नाही. त्यांची मोठी बहीण रॉयल क्लिपर २००० सालची, पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडांची. तिच्यावर काही महागड्या स्वीट खोल्यांना स्वतःचा व्हरांडा आहे, बाकीच्यांना नाही. विंडस्टार कंपनीची विंड स्टार, विंड स्पिरिट आणि विंड सर्फ ही तिन्ही शिडांची जहाजं बाल्कनीविनाच. सी क्लाउड तर १९३१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात एका श्रीमंत दांपत्याची खासगी यॉट म्हणून बांधली गेली, तिथे बाल्कनी शोधणंच चूक. २०२१ मध्ये आलेल्या सी क्लाउड स्पिरिटवर मात्र काही खोल्यांना बाल्कनी दिली आहे. म्हणजे शिडंही हवीत आणि बाल्कनीही हवी असेल, तर पर्याय बोटांवर मोजण्याइतके आणि खिसा बऱ्यापैकी मोकळा करणारे.

यात कंजुषी नाही, जहाजाचं गणितच तसं आहे. बाल्कन्यांच्या रांगा म्हणजे पाण्याच्या वर मजल्यावर मजले. मोठ्या इंजिनच्या जहाजाला ते परवडतं. इथे वारा उंच डोलकाठ्यांना ढकलत असतो, त्यामुळे वजन जितकं खाली तितकं बरं. शिवाय वर उंच भिंती उभ्या केल्या तर त्याच वारा अडवणार. जहाज कललं की एक बाजू पाण्याला जवळजवळ टेकते, त्या बाजूला दार ठेवून कसं चालेल? म्हणून खोल्या जहाजाच्या पोटात, गोल काचेच्या पोर्टहोलमागे, आणि वरचा डेक मोकळा. तो मोकळा ठेवावाच लागतो, कारण दोरखंड, चरख्या आणि धावपळ करणारे खलाशी यांना जागा लागते. उरलेल्या जागेत आपण. बाल्कन्यांमध्ये वाटली गेली असती ती सगळी मोकळी जागा इथे सामाईक होते. ही गोष्ट पटली, तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता खोली. आमची १२० चौरस फुटांच्या आसपास होती, आणि या वर्गातल्या जुन्या जहाजांवर साधारण एवढीच मिळते. विंडस्टारच्या जुन्या जहाजांवरच्या खोल्या मोठ्या, १८८ चौरस फुटांच्या. दोघांनी एकाच वेळी कपडे बदलायचे तर एकाने पलंगावर चढायचं. बॅगा पलंगाखाली जातात, पण कडक कवचाच्या बॅगा जात नाहीत. मऊ, घडी होणाऱ्याच न्या. कपाटाच्या खणांना खटके असतात, ते लावल्याशिवाय झोपू नका. रात्री दीड वाजता खण आपोआप बाहेर येऊन आदळला की काय वाटतं, हे एकदा अनुभवलं की सवय आपोआप लागते.

पोर्टहोलबद्दल जाहिरातींत कोणी धड लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. खालच्या मजल्यावर पाण्याची पातळी काचेच्या थोडीच खाली असते. वारा भरून जहाज आपल्या बाजूला कललं की काच पाण्याखाली जाते. आधी फेस, मग हिरवं, मग क्षणभर गडद निळं, आणि जहाज सरळ होताच भक्कन आकाश. धुण्याच्या यंत्राच्या काचेसारखंच, फक्त यंत्रात आपण. खोलीतला उजेडही त्याच तालावर बदलत राहतो, भिंतीवर हिरवी झाक येते-जाते. पहिल्या रात्री माझा नवरा हे दिवा मालवून किती तरी वेळ बघत बसला होता. समुद्र फार खवळला की खलाशी येऊन काचेवर आतून धातूचं झाकण फिरवून बसवतात. मग खोली म्हणजे निव्वळ डबा. अटलांटिकमध्ये आमच्यावर अशी वेळ आली तेव्हा सकाळ झाल्याचं घड्याळ सांगायचं, डोळे नाही. बंद जागेचा त्रास असणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

दाराच्या मागे हुकाला टांगलेला अंगरखा हा आमचा कलमापक होता. सकाळी डोळे उघडले की तो भिंतीपासून किती सुटलाय ते बघायचं. वारा कुठून आहे, शिडं वर आहेत का, आज न्याहारीला कपातला चहा कुठल्या बाजूला सांडणार, सगळं त्यातून कळायचं.

डुलण्याची भीती बऱ्याच जणांना असते, आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. शिडांत वारा नीट भरलेला असताना जहाज कलतं, पण फारसं डुलत नाही. शिडांवरचा दाब त्याला एका बाजूला धरून ठेवतो. त्रास होतो तो शिडं उतरवून, इंजिनवर, आडव्या लाटांतून जाताना. किंवा वारा थेट पाठीमागून असेल तेव्हा. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात पश्चिमेकडे जाताना आमचं तेच झालं. दिवसेंदिवस इकडून तिकडे, इकडून तिकडे. ताटाखाली ओला नॅपकिन पसरून जेवणं झाली. पोटाच्या दृष्टीने सगळ्यात चांगली खोली म्हणजे खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर. वरच्या आणि टोकाच्या खोल्या जास्त भाड्याच्या असल्या तरी हेलकावे तिथेच जास्त. भाडं आणि झोप यांचा संबंध या जहाजांवर उलटा लागतो, हे मला फारच आवडलं.

एका टप्प्यात नाळेजवळची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची खोली मिळाली, कारण दुसरी शिल्लकच नव्हती. आरक्षण करणाऱ्या एजंटने "शांत खोली आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. शांत होती खरी, पहाटेपर्यंत. छोटी जहाजं बहुतेक बेटांवर धक्क्याला लागत नाहीत, बाहेर नांगर टाकून टेंडर बोटीने प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. म्हणजे रोज सकाळी उशाशी साखळी सुटणार. आधी एक ठक्, मग सगळं लोखंड खडखडत खाली जातं आणि पलंगाचा सांगाडा थरथरतो. गजराची गरज उरली नाही. हे एजंटला कळवल्यावर उत्तर आलं की नांगर सगळ्याच जहाजांना असतो. बरोबर आहे, पण माझ्या डोक्यापासून किती फुटांवर, एवढंच विचारायचं होतं.

बाल्कनीच्या जागी आम्हाला काय मिळालं? आख्खा डेक, चोवीस तास. रात्री तीन वाजताही कोणी हटकत नाही. आमच्या कप्तानाने ब्रिजचं, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीचं दारही दिवसा उघडं ठेवलं होतं. नकाशा बघा, प्रश्न विचारा, फक्त सुकाणूच्या आड येऊ नका. नाळेच्या पुढे समुद्रावर निघालेल्या काठीखाली जाळं ताणलेलं असतं, समुद्र शांत असला की त्यात जाऊन पडता येतं. पोटावर पडलं की खाली जहाजाचं टोक पाणी चिरताना दिसतं. सेंट लुसियाहून दक्षिणेकडे जाताना डॉल्फिन तिथे आले. वरून बघताना त्यांच्या डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडताना आणि मिटताना दिसत होतं, फुस्स असा आवाजही येत होता. जाळ्याच्या दोऱ्यांचे चौकोन मात्र हातापायांवर तासभर उमटून राहतात.

बाल्कनीतून एकच बाजू दिसते, हे स्ट्रॉम्बोलीला चांगलंच कळलं. सिसिलीच्या उत्तरेला असलेला हा ज्वालामुखी वर्षानुवर्षं थोड्या थोड्या वेळाने ठिणग्या उडवत आलाय, आणि लाव्हा ज्या उतारावरून समुद्राकडे घरंगळतो तो बेटाच्या वायव्येला आहे. कप्तानाने अंधार पडल्यावर जहाज त्या बाजूला नेलं, दिवे कमी केले आणि सावकाश फिरवलं. बेट आधी डावीकडे, मग समोर, मग उजवीकडे. आम्ही सगळे डेकवर नुसते जागा बदलत होतो. बाल्कनी असती तर त्यातला तिसरा हिस्सा पदरी पडला असता, आणि तोही एकट्याने बघायचा. शेजारचे गृहस्थ दर ठिणगीला "हा मोठा होता" असं ओरडत होते. त्यांच्याशिवाय मजा कमी झाली असती, असं आता वाटतं. तेव्हा मात्र वैताग आला होता.

आता खरोखर काय नडलं ते. पाऊस. डेक हाच दिवाणखाना असलेल्या जहाजावर पाऊस आला की सगळे एकाच वेळी आत येतात आणि आत जागा जेमतेम असते. बारमध्ये एकच कोपरा बरा, तो पकडणारे न्याहारीआधीच येऊन बसतात. अशा दिवशी खोलीला लागून दोन खुर्च्यांची का होईना, स्वतःची जागा असावी, असं आम्हाला दोघांनाही वाटलं. तेवढ्यापुरती बाल्कनीवाल्यांची बाजू खरी.

दुसरी गोष्ट सावली. शिडं उभारायची असली की डेकवरचे कापडी मांडव काढतात, कारण दोऱ्या आणि आडव्या काठ्यांना मोकळीक हवी. मग सावली फक्त शिडांची, आणि जहाजाने दिशा बदलली की तीही दुसरीकडे. उन्हाचा त्रास असेल तर मोठ्या काठाची टोपी न्या, तीही हनुवटीखाली बांधता येणारी. माझी पहिली टोपी लिपारी बेटाच्या आसपास कुठेतरी आहे. तिसरी गोष्ट, मागच्या डेकवर कधीकधी धुराड्याची काजळी पडते आणि पांढऱ्या कपड्यावर हात फिरवला की डाग पसरतो. आणि हो, टॉवेल टाकून खुर्ची अडवणारी जमात इथेही आहे, फक्त जहाज छोटं असल्याने त्यांची नावं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतात.

शिडांबद्दल एक स्पष्ट सांगते, नाहीतर नंतर कोणी मला बोल लावायचं. रोजच्या रोज शिडांवर जाऊ अशी अपेक्षा ठेवू नका. वेळापत्रक पाळायचं असतं, आणि आडव्या शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाला फारसं जाऊ शकत नाही. मग इंजिन लागतंच, बऱ्याचदा शिडं आणि इंजिन दोन्ही. अटलांटिकमध्ये इंजिन बंद ठेवून बराच पल्ला मारला, भूमध्यात त्या मानाने कमी. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात असतो. शिडांसाठी ऐकायला छान, पण टेंडर बोटीतून उतरायच्या बेटांवर मुक्काम रद्द होतो तो त्यामुळेच. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता मिळते ती ऐकायची असेल, तर मोठ्या पल्ल्याचा टप्पा घ्या. तरी वीज बनवणाऱ्या जनरेटरची घरघर उरतेच.

कोणी घेऊ नये? गुडघे दुखणाऱ्यांनी, कारण जिने उभे आहेत आणि टेंडर बोटीत शिरताना हलत्या पायरीवर पाय टाकावा लागतो. व्हीलचेअर असेल तर ही जुनी जहाजं विसरा. लिफ्ट हवी असेल तर विंड सर्फ किंवा सी क्लाउड स्पिरिट बघा. जोडीतल्या एकाला पहाटे उठायची सवय आणि दुसऱ्याला दहापर्यंत झोपायची, असं असेल तर मात्र चिंता नाही. पहाटे उठणारा वर जातो. आमच्याकडे तो मी, आणि डेक धुणाऱ्या खलाशांशी माझी सगळ्यात चांगली ओळख झाली. अटलांटिकमध्ये रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे त्यांनीच मला दाखवले, हाताएवढे, पंख अजून ओले.

काही जहाजांवर मोजक्या खोल्यांचं दार थेट डेकवर उघडतं. बाल्कनीच्या सगळ्यात जवळचं हेच, आणि मी एक टप्पा तिथे काढला. दार उघडलं की हवा, पाणी, सगळं समोर. पण दारासमोरून लोक जातात, रात्री गप्पा मारत थांबतात, पहाटे होज पाइप येतो. हलक्या झोपेच्या माणसाने त्या पैशात मध्यावरची खालची खोली घ्यावी आणि उरलेल्यात आणखी काही दिवस.

आरक्षणाआधी डेकचा आराखडा मागवून घ्या आणि खोलीचा नंबर लेखी घ्या, नुसती श्रेणी नको. त्यावर नांगराची चरखी कुठे, स्वयंपाकघर कुठे, जनरेटर कुठे हे विचारा. बारच्या थेट खाली खोली असेल तर रात्री खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. पावसात बसायला आत किती जागा आहे हेही विचारा. आम्ही पुढच्या मोसमासाठी पुन्हा खालच्या मजल्यावरची, मधली खोली मागितली आहे, आणि एजंट बदलला आहे.