बंदुकीची साईट काढल्यावर उरलेली दोन भोकं आणि ती बुजवायच्या प्लग-स्क्रूचं पाकीट: आठ महिन्यांनंतर

लागतात दोन, घ्यावे लागतात सहा. सुटे देत नाहीत. पाकिटाला 540 रुपये मोजल्यावर निदान त्रास तरी संपावा, तर पेचकस घालायला स्क्रूच्या डोक्यावर जी खाच दिलीय, तीच पुढे डोकं खाते. सुरुवातीला याला पाचपैकी चार दिले असते. आता अडीच.

ठासणीच्या बंदुकीची मागची, नेम धरायची उघडी साईट काढून टँगवर (नळीमागच्या पोलादी शेपटीवर) पीप, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साईट, बसवली की अष्टकोनी नळीच्या वरच्या पैलूवर दोन भोकं उघडी पडतात. प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि नळी धुताना गरम पाणी त्या भोकांत शिरतं. बाकी नळी पुसून कोरडी होते, भोकाचा तळ होत नाही. पावसाळ्यात धानपट्ट्यातल्या ओलीत आठवड्याभरात आट्यांवर तांबूस जंग धरतो. त्यात निवडणुकीत ठाण्यात जमा करायची पाळी आली, तर तोवर तेलाचं बोटही लागत नाही.

कामाला हात घालण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. निप्पलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या बोंडीवर, ठिणगीची टोपी नाही एवढ्यावर भागत नाही. गज (बार ठासायची काठी) नळीत पूर्ण सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून निप्पलशी लावून पाहा. खूण तोंडाच्या बरीच अलीकडे राहिली तर आत बार आहे.

दुसरी तपासणी भोकांची. भोकात दोन थेंब पातळ तेल सोडा, आतून पांढरा कोरडा फडका फिरवा. फडक्यावर तेल आलं तर भोक आरपार आहे. ते बुजवायचं नाही आणि ती बंदूक वाजवायचीही नाही. सरळ परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. भोक मोठं करणं, नवे आटे पाडणं हेही त्याचंच काम, गावातल्या लेथवाल्याचं नाही.

आता आटे. बाहेरून आलेल्या साईटींना बहुधा 6-48 असतात, म्हणजे जाडी 3.5 मिलिमीटर आणि इंचाला 48 आटे. हार्डवेअरच्या दुकानात एम-3.5 मिळतो. जाडी तीच, म्हणून जीव भुलतो, पण त्याच्या दोन आट्यांतलं अंतर 0.6 मिलिमीटर आणि 6-48 चं जेमतेम 0.53. दीड-दोन फेरे लोण्यासारखा जातो, मग अडतो, आणि जोर लावला की नळीचे आटे गेले. हातानं तळापर्यंत जात नसेल तो स्क्रू आपला नाही. देशी नळीवर तर कोणते आटे पाडलेत ते पाडणाऱ्यालाच ठाऊक. तिथे अंदाजानं पाकीट मागवू नका.

खोली काडेपेटीच्या काडीनं मोजा. भोक 3 मिलिमीटर असेल तर स्क्रू अडीचचा हवा. तळाला टेकलेला स्क्रू आणखी आवळला तर आतल्या पातळ पत्र्याला फुगवटा येतो, आणि तो घट्ट फडका ओढताना हाताला लागतो. पाकिटातले स्क्रू थोडे लांबच असतात, ते खालच्या टोकाकडून घासायचे. वरून घासले तर खाच जाते.

आता ती खाच. पहिले दोन महिने काही वाटलं नाही. मृगानंतर खाचेत काळी रेघ, मग तिच्या कडेनं लाल रेघ. टूथब्रशनं निघते, पण प्रत्येक धुण्याला. खाच नळीच्या लांबीत वळवून ठेवली तर फडका तिच्यातून सरळ जातो आणि निम्मा त्रास कमी होतो. हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही. मधमाशीच्या मेणात काजळ कालवून खाच भरली तर छान काळी दिसते, पण मेण 62-64 अंशांना वितळतं. उकळतं पाणी नळीत ओतलं की मेण वाहून कुंद्यावर.

खरी चीड पुढे आहे. सगळ्यात चांगला प्लग फुकटच होता: काढलेल्या साईटचेच दोन स्क्रू! आटे तेच, पोलाद तेच, लांबीही भरपूर. भोक आणि स्क्रू पेट्रोलनं धुऊन कोरडे करायचे, टोक घासून लांबी जुळवायची, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) एक थेंब लावायचा. तळाला हलकेच टेकवून पाव फेरा मागे घ्यायचा आणि 24 तास हात लावायचा नाही. मग नळीवर टेपचे दोन-तीन थर देऊन डोकं हॅक्सॉनं कापायचं, अर्धा मिलिमीटर वर ठेवून. उरलेलं बारीक कानशीनं काढायचं. कानशीला खडू चोळला तर दातांत कण अडकून चरे पडत नाहीत. शेवटी 400 आणि 600 चा पॉलिश पेपर सपाट लाकडी पट्टीला गुंडाळून फिरवायचा. बोटानं घासलं तर पैलूवर खळगा पडतो आणि तो जन्मभर दिसतो.

कानस नळीवरच्या नंबराला लागता कामा नये. नंबर पुसट करणं हा 1959 च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. नंबर भोकाला खेटून असेल तर खाचेचाच स्क्रू बरा. जुनी साईट कधी परत लावायची असेल तरीही तोच, कारण बिनखाचेचा ड्रिल केल्याशिवाय निघत नाही.

इपॉक्सीची पुट्टी स्वस्त पडते, पण साधी पुट्टी उकळत्या पाण्यानं मऊ होते आणि कडेनं सुटते. कथलाचं डाग देणं टिकतं, पण त्यावर कोल्ड ब्लू (पोलाद काळं करायचं रसायन) चढत नाही, पांढरा ठिपका राहतो. स्टेनलेस स्क्रूचंही तेच.

कोल्ड ब्लूनं रंग द्यायचा तर पोलाद आधी कोमट करा, हातमोजे घाला, तीन-चार हात द्या, दर हातानंतर पाण्यानं धुवा. जुन्या नळीवर नवा ठिपका जास्तच काळा दिसतो, तो 0000 च्या (अगदी बारीक) स्टील वूलनं उतरवा.

सध्या मागच्या भोकात साईटचा जुना स्क्रू आहे, पुढच्यात पाकिटातला. पावसाळा दोघांनी काढला. मागचा शोधायला नळी उन्हात तिरपी धरावी लागते, पुढच्याला अजून दर वेळी टूथब्रश लागतो. पाकिटातले पाच तसेच पडून आहेत, दुकानदार परत घेत नाही.