ओबरकिर्खजवळच्या भट्टीतलं किर्शवासर
जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डात (ब्लॅक फॉरेस्टमध्ये) ओबरकिर्खजवळच्या एका शेतकरी कुटुंबाच्या भट्टीतून किर्शवासर, म्हणजे चेरीचं कडक मद्य, घेतलं. अप्रतिम! आंबवलेल्या चेरीचं दोनदा ऊर्ध्वपातन, वरून साखर नाही. आधी पिकलेली चेरी, मग बियांमुळे येणारा कडू बदामाचा वास आणि घसा न जाळता उतरणारी ऊब. श्वार्त्सवाल्डचं नाव लावायला मद्यार्क किमान 40 टक्के लागतो, तरी कुठे बोचत नाही. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, वास दबतो.

रासबेरीचं गाइस्ट हे मद्य मला पातळ वाटलं. त्यात फळ आंबवत नाहीत, मद्यार्कात भिजवून ऊर्ध्वपातन करतात.

किंमत जास्त आहे, पण अशा छोट्या भट्ट्यांना वर्षाला 300 लिटर शुद्ध मद्यार्काचीच मुभा असते. मला ही किंमत रास्त वाटते.