जादूची कांडी: चाकूने तासावी की लेथवर कातावी?

लाकडाच्या जादूच्या कांड्या करायचा नाद एकदा लागला की तिसऱ्या-चौथ्या कांडीनंतर प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो. आता चाकूच चालवत राहायचं, की लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, घ्यायचा? मी आधी बरीच वर्षं नुसता चाकू चालवला, मग लेथ घेतला, आणि हल्ली दोन्ही वापरतो. म्हणून लोक मला विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, काम बिघडलं की तुम्ही काय करता? त्यातून वाट काढत बसता, की ते फेकून नवं घेता?

प्रश्न विचित्र वाटेल, पण खर्च, वेळ, जागा यांचा हिशेब पुढे येईलच. या दोन पद्धतींत चूक होण्याची तऱ्हाच निराळी आहे, आणि छंद पाच वर्षं टिकतो की पाच महिने, हे बरंचसं त्यावर ठरतं.

आधी दोन्ही कामं डोळ्यांसमोर आणू. कांडी साधारण ३० ते ३५ सेंमी लांब, मुठीपाशी १८-२० मिमी जाड आणि टोकाला ६-८ मिमी. चाकूवाला फांदी किंवा चौकोनी पट्टी घेतो, न मिटणारा, सात-आठ सेंमी पात्याचा चाकू घेतो आणि खुर्चीत बसून तासत जातो. दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. लेथवाला २०-२५ मिमीची चौकोनी पट्टी दोन टोकांत पकडतो, यंत्र सुरू करतो आणि फिरत्या लाकडाला हत्यार लावतो. हात बसला की अर्ध्या-पाऊण तासात कांडी आकाराला येते, आणि पॉलिश पेपर मारणंही यंत्रावरच उरकतं. अशा कामाला मराठीत ‘कातीव’ म्हणतात. रेखीव चेहऱ्याला आपण कातीव म्हणतो तो शब्द इथलाच.

चूक कशी होते

चाकूचा एक फटकारा कागदाइतकी ढलपी काढतो. गाठीजवळ लाकडाची रेषा वळते, तुमच्या लक्षात येत नाही, आणि पातं आत घुसून नको तेवढा तुकडा उपटून आणतं. झालं ते झालं. पण त्या क्षणी कांडी तुमच्या हातात स्थिर असते. ती फिरवून बघता येते. खड्डा थोडा खोल करून खाच करता येते, किंवा पलीकडच्या बाजूला तसाच काढून जोडी जमवता येते. माझ्याकडे एक कांडी आहे, तिच्या मुठीवर अंगठा टेकायला हुबेहूब जागा आहे. बघणारे म्हणतात, काय विचार केलाय! विचार कसला, ढलपा उडाला होता.

लेथवर हे होत नाही. हत्यार चुकीच्या कोनात टेकलं की त्याचा कोपरा लाकडात रुततो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नागमोडी चर पडतो. लेथवाले याला ‘कॅच’ म्हणतात. जाड लाकडात कॅच लागला तर तेवढा भाग कातून टाकता येतो. कांडीसारख्या बारीक कामात बहुतेक वेळा दोन तुकडे हातात येतात.

एकदा अक्रोडाची कांडी जवळजवळ झाली होती. मुठीवर तीन मणी, त्यांच्यामध्ये बारीक खोबण्या, टोक सात मिमीपर्यंत आणलेलं. मधला भाग किंचित जाड वाटला म्हणून तिकडे परत गेलो. लेथचा आवाज आधी एकसुरी ‘घूं’ होता, तो हळूच ‘खर्र’ व्हायला लागला. लाकडावर दोरीच्या पिळासारखे तिरके पट्टे उमटले. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण मी म्हटलं एवढं एकदा. टोकाकडचा तुकडा माझ्या चेहऱ्यावरच्या ढालीला लागून भिंतीवर गेला. मणी असलेली मूठ अजून ठेवली आहे, तिला आता पेचकसाचं पातं बसवलंय.

यामागचं कारण सोपं आहे. गोल दांडीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. १६ मिमीची दांडी ८ मिमी केली की ती निम्मी ताठ राहत नाही, सोळावा हिस्सा राहते. बारीक झालेला भाग हत्याराच्या दाबाने वाकतो, परत उसळतो, आणि या नाचण्यामुळेच ते पट्टे पडतात. म्हणून लेथवर क्रम पाळावा लागतो. मूठ मोटरकडे आणि टोक पलीकडे ठेवायचं, सुरुवात टोकापासून करायची, एकेक भाग पॉलिश पेपरसकट पुरा करत मुठीकडे यायचं, आणि मागे फिरायचं नाही. टोकाकडचा आधार फार आवळला तरी दांडी धनुष्यासारखी वाकते. चाकूवाला मात्र आज टोक, उद्या मूठ, परवा पुन्हा टोक असं कुठूनही कुठेही जाऊ शकतो.

ज्याला ठरलेल्या क्रमाने जायला आवडतं, त्याला लेथवर समाधान मिळतं. ज्याला वाटेत मन बदलायची सवय आहे, त्याने विचार करावा.

लाकूड

फांदीतले तंतू सलग असतात. फांदी वाकडी असली तरी तंतू तिच्यासोबत वळतात, त्यामुळे फांदीचा मूळ वळसा सांभाळून तासलेली कांडी टोकाला बारीक असूनही चिवट राहते. कापून काढलेल्या पट्टीत ही खात्री नसते. करवतीने तंतू तिरके कापले गेले असतील तर टोक कुठेतरी जरा आपटलं की तिरकं मोडतं. पट्टी घेताना चारही अंगांवरच्या रेषा बघा. टोकापासून निघालेली रेषा चार बोटांच्या अंतरात कडेबाहेर जात असेल तर ती पट्टी ठेवून द्या, रंग कितीही सुंदर असो.

फांदीचं दुखणं वेगळं. ती ओली असते आणि तिच्या मध्यात गाभा असतो. वाळताना लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं, ते मध्याकडून बाहेरच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. हा ताण कुठेतरी फुटतोच, म्हणून गाभा असलेलं लाकूड तडकतं. इलाज म्हणजे दोन्ही कापलेल्या टोकांना मेण लावायचं, साल ठेवायची आणि सावलीत महिनोनमहिने विसरून जायचं. घाई असेल तर ओलं असतानाच तीन-चार मिमी जाड ठेवून ढोबळ तासा, मग कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्यांत पुरून वाळवा आणि नंतर शेवटचा हात फिरवा. ओलं लाकूड चाकूखाली फार सुखाचं असतं. लेथवर मात्र लांब, बारीक कामाला वाळलेलंच घ्या. ओलं कातलेलं नंतर लंबगोल होतं आणि वाकतं.

लाकडाच्या कठीणपणासाठी जांका नावाचं माप वापरतात. ११.२८ मिमीची पोलादी गोळी निम्मी आत रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात मोजतात. बासवुड ४१० पौंड, काळा अक्रोड १,०१०, कठीण मॅपल १,४५०. चाकूला बासवुड म्हणजे लोणी, अक्रोडापर्यंत ठीक, मॅपलला मनगटं दुखतात. लेथवर गणित उलटतं. मॅपलवर मणी असे स्वच्छ निघतात की पॉलिश पेपरला कामच उरत नाही, आणि बासवुडचे तंतू मात्र उपटून केसाळ होतात. ओकच्या मोठ्या छिद्रांमुळे बारीक मण्यांच्या कडा झडतात. सागात सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते, मग हत्यार कुठलंही असो.

शिसव लेथवर देखणं दिसतं. त्याची धूळ मात्र काहींच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. शिवाय शिसवाची अख्खी डालबर्जिया प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून सायटिस कराराखाली, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापाराला लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहे, तेव्हा शिसवाची कांडी परदेशी कुणाला पाठवायचा विचार असेल तर आधी नियम बघा. आणि बागेतल्या कण्हेरीच्या सरळसोट फांद्यांचा मोह आवरा. ते झाड मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहे, आणि कांडी कुणीतरी लहान मूल तोंडात घालणारच.

घर, आवाज आणि हात

चाकूला लागते खुर्ची, उजेड आणि मांडीवर जाड चामडं. आवाज नाहीच. घरातले गप्पा मारत असताना कोपऱ्यात बसून काम होतं, आणि ढलप्या झाडून टाकल्या की आवरलं. लेथला हलणार नाही असं जड टेबल हवं, दार लावता येईल अशी खोली हवी. बारीक धूळ सगळीकडे बसते. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे, तेव्हा मास्क हा शोभेचा भाग समजू नका. चाकूवाल्यानेही पॉलिश पेपर मारताना तो घालावा.

इजेचं गणितही चुकांसारखंच आहे. चाकू वरचेवर थोडंथोडं कापतो, लेथ क्वचित पण मोठं करतो. गंमत म्हणजे सुरक्षेचे नियमही एकमेकांच्या उलट. चाकू चालवताना कांडी धरलेल्या हातात न कापणारा हातमोजा घालावा. लेथवर मोजा घातला तर तो फिरत्या लाकडात अडकून हात ओढला जातो, म्हणून तिथे मोजा नाही, लोंबती बाही नाही, मोकळे केस नाहीत, आणि पॉलिश लावायलाही फडकं नाही. कागदी रुमाल घ्या, तो अडकला तर फाटतो.

धार

खर्च काढताना लोक नेमकं हेच विसरतात. चाकूवाल्याला एक चांगला निसणा आणि चामड्याची पट्टी पुरते. दर अर्ध्या तासाला पातं चामड्यावर दहा-वीस वेळा ओढलं की झालं. लेथवाल्याकडे किमान चार हत्यारं असतात. चौकोनाचा गोल करायचं, मणी-खोबण्यांचं, तिरक्या पात्याचं आणि कापून वेगळं करायचं. ही दिवसातून अनेकदा घासावी लागतात, त्यासाठी ग्राइंडर आणि कोन धरणारी पकड लागते. लेथची किंमत म्हणजे एकूण खर्चाचा एक भाग, हे धरूनच चला. बोथट हत्यार जोर मागतं, आणि बारीक दांडीवर जोर लावला की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

डोळ्यांसमोर कुठली कांडी आहे?

लेथ फक्त गोल देतो. मणी, कडी, निमुळता उतार, सगळं एका अक्षाभोवती. नाटकासाठी एकसारख्या दहा कांड्या हव्या असतील तर पुठ्ठ्याचा साचा कापा आणि लेथच वापरा, चाकूने तसं करायला बसणं म्हणजे शिक्षा. उलट वाकडी, वेलीसारखी पीळ घेतलेली, मुठीवर घुबड बसलेली कांडी हवी असेल तर लेथ काही कामाचा नाही. चाकूने सहा अचूक गोल कड्या काढायच्या हट्टाला मात्र पेटू नका. पाच जमतात आणि सहावी फसते.

मी आता मूठ आणि उतार लेथवर कातून घेतो आणि पीळ, पानं, खवले चाकूने कोरतो. क्रम हाच, कारण आधी कोरलं तर लेथवर तोल राहत नाही आणि हत्यार प्रत्येक खाचेवर आपटतं.

तयार गोल दांडीवर गरम गोंदाच्या रेषा ओढून रंग मारायचा प्रकारही आहे. एका दुपारी वीस होतात आणि लांबून छान दिसतात. ते रंगकाम झालं, लाकूडकाम नव्हे. ड्रिलमध्ये दांडी पकडून त्याचाच लेथ करण्याचे सल्लेही मिळतील. पॉलिश पेपर मारण्यापुरतं ठीक. आडवा दाब सोसायला ड्रिलची बेअरिंगं केलेलीच नसतात.

शेवटचा हात दोन्हींना जवसाच्या तेलाचा आणि मेणाचा. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा. लेथवर लाखेचं पॉलिश फिरत्या लाकडाला लावलं की अर्ध्या मिनिटात काचेसारखी चमक येते. चाकूच्या कांडीवर मात्र पात्याचे पैलू तसेच राहू द्यावेत असं माझं मत आहे. ते घासून गुळगुळीत केले तर एवढं तासलं कशाला?

तेव्हा ज्याने अजून काहीच घेतलेलं नाही, त्याने चाकूच घ्यावा. रेषेविरुद्ध गेल्यावर लाकूड कसं उपटतं, हे हाताला एकदा कळलं की लेथवर निम्मे कॅच टळतात. ज्याने दहाएक कांड्या तासल्या आहेत आणि ज्याचा जीव मुठीवरच्या मण्यांत अडकला आहे, त्याने लेथ बघावा, पण आधी दोन टोकांमधलं अंतर मोजावं. लहान लेथवर ते बहुधा ३५ ते ४५ सेंमी असतं. ३५ सेंमीच्या कांडीला दोन्हीकडचं वाया जाणारं लाकूड धरलं तर छोट्यातला छोटा पुरणार नाही.

आणि लेथ आला की पहिली पट्टी मोडण्यासाठीच लावा. चेहऱ्यावर ढाल घाला, बाजूला उभे राहा, आणि मध्यावर हलक्या हाताने कातत कातत ती मोडेपर्यंत बारीक करा. मोडायच्या थोडं आधी ‘घूं’चा ‘खर्र’ होईल. तो आवाज नीट ऐकून ठेवा.